तुपाच्या डब्यातली कोरफड

भीमपूरच्या फाट्यावर आदिलाबादची बस थांबली, तेव्हा मायनं माझ्या पिशवीत कोरफडीचं पिल्लू कोंबलं, मुळाला चिंधी गुंडाळून. नवरा वारल्यावर मी माहेरी राहून नर्सिंग शिकले होते आणि निर्मल शहरातल्या दवाखान्यात पहिली नेमणूक मिळाली होती. रडायला वेळ नव्हता. कंडक्टर तेलुगूत घाई करत होता. माय एवढंच म्हणाली, "दाराले उलटी टांगू नको, आपन ते मानत नाई. मातीत लाव. अन् पानी जपून दे, लाडानंच मरते ते." दादानं जयभीम केला आणि बस सुटली.

निर्मलला एक खोली, एक खिडकी. वनस्पती तुपाच्या डब्याला तळाशी खिळ्यानं भोकं पाडली, निम्मी वाळू, निम्मी माती भरली आणि डबा खिडकीत ठेवला. मातीत बोट खुपसायचं. खोलवर कोरडं लागलं तरच पेलाभर पाणी. काम एवढंच, आणि ड्यूटीनंतर माझ्याजवळ वेळ भरपूर. भिंतीपलीकडचे लोक जेवताना हसत, मला त्यातलं काही कळत नसे. घरमालकीण अम्मा रोज विचारी, "नीळ्ळू पोसिनवा?" म्हणजे पाणी घातलंस का. तेलुगूतलं पहिलं वाक्य मी हेच शिकले, आणि उत्तर बहुतेक दिवस नाही असंच असे. अम्माच्या दारावर नजर लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलेली होती. ना माती, ना पाणी, तरी हिरवी. तिच्याकडे बघायला मला आवडत नसे.

पहिल्या उन्हाळ्यात रजेवर गावी गेले, ती नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवूनच. चार दिवस मी नुसती सगळ्यांचं म्हणणं ऐकत राहिले. इथं काय कमी आहे, असं दादाही म्हणाला. वहिनीनं माझ्यासाठी एक पेटी रिकामी करून ठेवली होती. तिचं मन चांगलं होतं. पण माझं सगळं सामान त्या एका पेटीत मावणार होतं, हे माझ्या लक्षात आलं. रजा संपत आली तशी मी म्हणाले, "उद्या निघते. खोलीत झाड आहे."

दादा हसला. "कोरफडीले काय होते वो बाई? दोन महिने पानी नाई देल्लं तरी जित्ती राह्यते. तिच्यापायी काऊन चालली?"

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जाऊ दे तिले. तिच्या घरी झाड हाय."

त्या खोलीला घर म्हणणारी ती पहिली. तोवर मीसुद्धा खोलीच म्हणत होते.

आता माय नाही. दादानं घराच्या मागच्या बाजूला न्हाणीघर बांधलं, तेव्हा तिथली मायनं लावलेली सगळी कोरफड गेली. गेल्या खेपेला वहिनीनं माझ्याकडूनच पिल्लू मागून घेतलं. गावी सगळे अजून म्हणतात, दोन दिवस जास्त राहा. राहतेही. मग परत येते, कुलूप उघडते. उशीर का झाला, असं आत कोणी विचारत नाही. मी पिशवी खाली ठेवते आणि चपला काढायच्या आधी मातीत बोट खुपसून बघते.