गुंडूच्या झोपेसाठी माग बंद

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या आधी, मग सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचं, कमळीचं, ठरलेलं लग्न मी एका दुपारी जवळजवळ मोडलं होतं. हुंड्यावरून नव्हे, मानपानावरून नव्हे. माझ्या चौदा महिन्यांच्या पोराला दुपारी झोपवण्यावरून! हसताय काय? अजून सुरुवातसुद्धा झाली नाही.

आम्ही शहापूरचे विणकर. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, लुगडी विणायचे. आजा, पणजा तेच करत आले. मी तेवढा मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो. आख्ख्या गल्लीत पहिला मॅट्रिक! ही गोष्ट कोणी विसरू नये याची काळजी मी स्वतः घ्यायचो.

त्या वर्षी मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी घरी बसलो. घरी बसलेला मास्तर म्हणजे काय विचारू नका. शिकवायला कोणी नाही, मग घरात दिसेल त्याला शिकवत सुटतो. आणि मला दिसला गुंडू.

गुंडू तोवर दिवसातून दोनदा झोपायचा. एकदा सकाळी नऊला, एकदा दुपारी तीनला. अगदी शहाण्यासारखा. त्या महिन्यात मात्र त्याचं काहीतरी बिनसलं. सकाळी झोळीत घातला की उभा राहायचा. अकराला तोंडात भाताचा घास तसाच ठेवून पेंगायचा. दुपारी टक्क जागा. आणि दिवेलागणीला असा काही रडायचा, की पलीकडच्या गल्लीतून लोक चौकशीला यायचे.

माझी बायको शांत होती. म्हणाली, "अवो, त्येच्या दोन झोपंची एक व्हायला लागलीया. सगळ्याच पोरांचं व्हतंय. पंधरा दिस त्याला कुठलीच झोप धरवत न्हाय, सोडवत न्हाय. अकराला मऊ भात चारायचा, बाराला झोळीत घालायचा. आप्पांच्या मागाच्या खटखटीत आपसूक निजतंय."

आता सांगा, मॅट्रिक झालेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं? ही बाई चौथी नापास! मी तिला म्हटलं, "याला शास्त्र असतं."

शास्त्र मला वाचनालयाच्या रद्दीत सापडलं होतं. कुठल्याशा विलायती डॉक्टरचं बालसंगोपनाचं इंग्रजी पुस्तक. अर्धी पानं वाळवीने खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यांतलं अर्धं मला कळलेलं. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती. ठरलेली वेळ, अंधारी खोली आणि संपूर्ण शांतता. मूल झोपलंच पाहिजे.

मी ताबडतोब तांबड्या शाईने वेळापत्रक केलं आणि भिंतीला डकवलं. गुंडूची झोप, दुपारी एक ते दोन. खाली हजेरीचे रकाने. झोपला तर 'ह', नाही झोपला तर 'गै'. पहिले चार दिवस सलग गैरहजर! मी घड्याळ हातात धरून त्याच्यासमोर बसायचो आणि तो घड्याळाला टाळ्या पिटायचा.

का झोपत नाही? मी विचार केला. वेळ ठरलेली आहे. खोली अंधारी आहे. राहिली शांतता. आणि शांतता कुठून असणार? घरात आप्पांचा माग आणि गल्लीत आणखी सात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खटक-खट, खटक-खट. मी आप्पांकडे गेलो.

"आप्पा, एक ते दोन माग बंद ठेवा."

आप्पांनी आडवं सूत फेकायचा धोटा हातातच थांबवला. "का रं बाबा? आठ दिसांवर कमळीचं लगीन. तिचंच लुगडं हाय ह्ये मागावर. पदर राह्यलाय अजून."

"नातवाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, आप्पा."

नातवाचं नाव काढल्यावर आप्पा काय बोलणार? कबूल झाले. मग मी गल्लीत दारोदार फिरलो. लोकांची पत्रं, कचेरीचे कागद मी फुकट वाचून द्यायचो, त्यामुळे नाही कोण म्हणणार? एक शेजारचा बसाण्णा तेवढा कुरकुरला.

"मास्तर, आमी करतो बंद. पर भर दुपारी आसली गप बसल्याली गल्ली बरी न्हवं. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय करायचंय?" मी म्हणालो.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे माग दोनच वेळा बंद असायचे. एक अमावास्येला. दुसरं म्हणजे गल्लीत कोणी गेलं तर. मयत उचलेपर्यंत कोणी मागाच्या पावडीला पाय लावायचा नाही, हा रिवाज. मी त्याच गल्लीत जन्मलो, वाढलो. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! पण पुस्तकात नव्हतं ना.

झालं. दुसऱ्या दिवशी आई, बायको आणि कमळी बेळगावच्या बाजारात लग्नाच्या बांगड्या भरायला गेल्या. जाताना बायको म्हणाली, "जमंल न्हवं?" मी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. एक वाजला. आठही माग थांबले. आप्पा उठले. "माग बंद, मग मी हितं बसून माश्या मारू व्हय? दाढी तरी करून येतो," असं म्हणून गेले.

काय ती शांतता! जन्मात पहिल्यांदा मला आमच्या घरातल्या पालीचा आवाज ऐकू आला. मी गुंडूला झोळीत घातला. झोळी हलवायला दोरी हवी, आणि माझे हात पुस्तकात गुंतलेले. म्हणून दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. एका अंगठ्यावरून ती निसटत होती, तर दोन्ही अंगठे जोडून पक्की गाठ मारली. चटईवर उताणा पडलो. गुंडू माझ्याकडे बघून हसत होता. 'मुलाशी नजर मिळवू नये' असं पुस्तकात होतं. मी पांढरं धोतर डोक्यावरून पायाच्या घोट्यापर्यंत ओढून घेतलं.

आणि मला झोप लागली!

नुसती मला नव्हे. गल्लीतल्या मंडळींनी एवढी मोठी सुट्टी कधी पाहिलेली? तेही जिथल्या तिथे आडवे झाले. बसाण्णा तर मागाच्या खड्ड्यातच पाय सोडून घोरत होता म्हणे. माझ्या वेळापत्रकाने आख्खी गल्ली झोपली, एक गुंडू सोडून. त्याला त्या शांततेने आणखीच तरतरी आली. तो झोळीतून उतरला आणि माझ्या उशाशी बसून पुस्तकाची पानं फाडू लागला.

नेमके त्याच वेळी आमचे होणारे व्याही गल्लीच्या तोंडाशी टांग्यातून उतरले. तात्या त्यांचं नाव. निपाणीकडचे, तेही विणकरच. वऱ्हाड किती, गाड्या किती, हे ठरवायला आंब्यांची पाटी घेऊन आले होते. टांग्यातून उतरले आणि जागीच थांबले. एकही माग वाजत नाही. अमावास्या तर नाही. तात्यांनी मुकाट्याने डोक्याचा पटका काढून खाकेत मारला.

तोवर ही शांतता पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचली होती. तिथली म्हातारी गंगाक्का चार बायका घेऊन आलीच होती. आमचं दार नुसतं लोटलेलं. तिने ते ढकललं, आत डोकावली. अंधार. चटईवर पांढऱ्या कापडाखाली कोणीतरी उताणं. तिने वाकून पाय पाहिले.

"आगं बया! अंगठं बी बांधल्यात गं!" आणि तिने जो हंबरडा फोडला!

माझी झोप तिथेच मोडली. पण डोकं ठिकाणावर यायला वेळ लागला. आधी वाटलं, कोणीतरी गेलं वाटतं. कोण असेल बिचारा?

"लई शिकला हुता गं मास्तर," एक बाई रडत म्हणाली.

मी! मी गेलो होतो!

ताडकन उठायला हवं होतं, कळतं मला. पण छातीवर काहीतरी जड लागलं. हळूच धोतराच्या फटीतून पाहिलं, तर गुंडू! रडारड सुरू झाली, कालवा वाढला आणि कार्टं माझ्या छातीवर डोकं टेकून गाढ झोपलं होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा. तुम्ही पोर झोपवलंय कधी? मग तुम्हीच सांगा, हललो असतो तर? मी श्वाससुद्धा बेताने घेऊ लागलो.

आणि खोटं कशाला बोलू, आणखीही एक कारण होतं. मेलेल्याबद्दल लोक चांगलंच बोलतात. म्हटलं, जरा ऐकावं.

"लेकरू बापाच्या छातीवर निजलंय, ऱ्हाऊ द्या. वाचून वाचून डोस्क्याला ताप चढला आसंल," गंगाक्का म्हणाली.

"माझा कोर्टाचा कागद त्येनंच वाचला," दुसरी म्हणाली. "आमी जिंकलो म्हणाला. पेढं वाटलं. मागनं कळलं, हारलोय."

"असू दे गं. मनानं चांगला हुता."

"व्हय. मनानं चांगला हुता." पुढे कोणी काही बोलेना. मी वाट पाहिली. अजून एखादी म्हणेल, शिकवायचा छान, अक्षर सुंदर होतं. छे! तेवढ्यावरच आटोपलं. मला मनापासून वाईट वाटलं.

एवढ्यात आप्पा आले. कोणीतरी न्हाव्याकडे धावलं होतं, "आप्पा, घरला चला" एवढंच सांगितलेलं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण. दारात गर्दी. तात्यांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली आणि हुंदका दिला. आप्पांनीही गळा काढला. दोघं बराच वेळ रडले. मग आप्पांनी विचारलं, "तात्या, कोण गेलं वं?"

"तुमचा मास्तर."

"मास्तर?" आप्पा थबकले. "मगाशी तर चांगला हुता. म्हंजे, हुता तसाच हुता."

आणि त्यांनी पुन्हा गळा काढला. आप्पा माझ्यासाठी रडताहेत हे ऐकून मला भडभडून आलं. आता उठायचंच, असं ठरवलं. तेवढ्यात तात्या खाकरले.

"पाव्हणं, ह्या टायमाला बोलू न्हाय, पर बोलतो. सुतकात लगीन न्हाय व्हायचं. आन आमची माणसं कशी हाईत तुमाला ठावं हाय. लगीन तोंडावर आन नवरीचा भाऊ गेला! पोरीचा पायगुण वंगाळ म्हणणार. मी कुणाकुणाचं तोंड धरू? ही सोयरीक हितंच सोडल्याली बरी."

कमळी! वर्षभर जिने लग्नाची वाट पाहिली ती कमळी या क्षणी बाजारात बांगड्या भरत होती. आणि माझ्यापायी तिच्या कपाळी पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का! आता एक शब्द बोललो असतो तर सगळं निस्तरलं असतं. 'मी जिवंत आहे' म्हणायचं. तीन शब्द. माझ्यासारख्या मॅट्रिकला काय अवघड?

पण तात्यांचा आवाज चढला होता, आणि छातीवर गुंडू चुळबुळला. मी धोतराखालून हात बाहेर काढला, बोट वर केलं आणि म्हणालो,

"शूऽऽ! हळू बोला. पोर आत्ताच निजलंय."

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं फक्त. आंब्यांची पाटी पालथी झाली. बायका दारातून एकदमच बाहेर पडल्या, दार त्या मानाने अरुंद होतं. गंगाक्का, जिला चालताना दोन माणसांनी धरावं लागायचं, ती सर्वांच्या पुढे होती असं नंतर कळलं. मीही घाबरून उभा राहायला गेलो, तर अंगठे बांधलेले! गुंडूला कवटाळून, झोळीची तुटलेली दोरी मागे फरफटवत, तसाच उड्या मारत दारापर्यंत आलो. ते पाहून उरलेलेही पळाले.

या आरडाओरड्याने गल्ली जागी झाली. बसाण्णा डोळे चोळत आला आणि सगळा प्रकार त्याने लोकांना सांगितला. तात्या मारुतीच्या देवळात गाभाऱ्याला पाठ लावून बसलेले सापडले. त्यांना घरी आणून गूळपाणी दिलं. तेवढ्यात आमच्या बायकाही बाजारातून परतल्या. कमळीला कोणीतरी दारातच सांगितलं, ती हिरव्या बांगड्यांचे हात तोंडावर धरून आत गेली आणि पडद्याआड उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

गल्लीचे माग पुन्हा सुरू झाले. खटक-खट, खटक-खट. गुंडू आप्पांच्या मागापाशी चार वाजेपर्यंत झोपला. बायकोने त्याच्यावर पदर घातला आणि माझ्याकडे बघून नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तात्यांच्या पाया पडलो. "तात्या, चूक माझी. कमळीचा यात काही दोष नाही. शिक्षा मला द्या, लग्न मोडू नका."

तात्यांनी पटका डोक्याला गुंडाळला आणि मला ओलांडून आप्पांना विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा. पोरगीबी असली बुकं वाचती काय?"

पडद्याआडून बांगड्या वाजल्या. "एक पान बी वाचलं न्हाय मी!" कमळी ओरडली.

"आन घरात आनखी कोण?"

आप्पांनी अर्ध्या दाढीवरून हात फिरवला.

"काळजी करू नगासा, तात्या. शिकल्याला ह्यो एकलाच. बाकीची समदी शानी हाईत."