वैशाखात दाखवलेलं अंगण

सुरतेच्या डिंडोलीतलं हे घर ज्या गुजराती काकानं मला विकलं, त्यानं मला फसवलं. उन्हाचं अंगण म्हणून दाखवलं आणि सावलीचं अंगण गळ्यात मारलं. हे मी भेटेल त्याला सांगतो. लोक हसतात. घर घेताना माणूस कागदांत फसतो, मापात फसतो, पाण्याच्या लाइनीत फसतो. उन्हात कोण फसतं?

मी सहज फसणाऱ्यांतला नाही. खानदेशातून आलो तेव्हा बमरोलीत दुसऱ्याच्या लूमवर बारा-बारा तास उभा राहिलो. आज माझा स्वतःचा कारखाना आहे. कापडाचा ताका समोर आला की वरची घडी मी बघतच नाही, ती कोणीही नीट लावून ठेवतो. आतल्या घड्या उघडतो, उजेडाला धरतो, मग तोंड उघडतो. समोरचा जो माल पुढे सरकवतो, तो तर हमखास बाजूला ठेवतो. एवढ्या वर्षांत हाच धंदा शिकलो आणि त्यावरच वर आलो.

घराचं निमित्त माझ्या बायकोचं. लग्नानंतर अठरा वर्षं ती बमरोलीच्या एका खोलीत राहिली, जिथं भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागायची. साड्यांचे धागे कापायची, घर चालवायची, काही मागायची नाही. मग एक दिवस तिच्या भावाचा फोन आला. माहेरच्या शेताच्या कडेनं रस्ता रुंद होणार होता आणि बांधावरचा आंबा पाडणार होते. लहान, चोखून खायचा, पिकला तरी सालीनं हिरवाच राहणारा आंबा. त्याला नाव नाही आणि तो दुसरीकडे कुठं मी पाहिलेला नाही. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "त्याचं कलम करून आणते. लावायला जागा बघा. ऊन येईल अशी."

विचारलं नाही, सांगितलं. मला ते आवडलं.

काकाचं घर मला दलालानं दाखवलं. काका सुरतचेच, पांढरा लेंगा, गोड बोलणं. मागं बारा फूट खोल अंगण, त्यापलीकडे दक्षिणेला तीन मजली बिल्डिंग. वैशाख चालू होता. मी चार वेळा गेलो, चारही वेळा दुपारी. अंगणातली फरशी इतकी तापलेली की चप्पल काढून उभं राहवत नव्हतं. "तडको तो जुओ, भाऊ! आखो दिवस," काका म्हणाले. ऊन बघा, दिवसभर. त्यांना घाई होती, मला ती दिसली आणि मी भाव पाडत गेलो. त्यांची घाई मला तेव्हा माझा फायदा वाटली. सही करून बाहेर पडलो तेव्हा मी मनात शीळ घालत होतो.

पाऊस सुरू व्हायच्या आधी बायको माहेरी गेली. आंब्याच्या काड्या आमच्याच कारखान्यातल्या ओल्या कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन बसनं परत आली. कडोदरा रस्त्यावरच्या नर्सरीवाल्यानं कलमं बांधली. त्यातलं एकच जगलं. तोवर गावाकडचा आंबा पडला होता. पुढच्या पावसाळ्यात ते एक कलम आम्ही अंगणात लावलं.

ऊन कुठं जातं ते तोवर मी पाहिलंच नव्हतं. लूमच्या शेडमध्ये ऊन कोण बघतो? दसऱ्याच्या सुमाराला बिल्डिंगची सावली अंगणात शिरते ती गुढीपाडव्यापर्यंत बाहेर पडत नाही. सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्या तीन मजल्यांच्या मागून जातो. पहिल्या हिवाळ्यात वाटलं, झाड लहान आहे. दुसऱ्यात वाटलं, खत कमी पडलं. झाड उंच होत गेलं, काठीसारखं, उजेडाकडे वाकत. पानं भरपूर, मोहोर एक काडीभरही नाही.

तिसऱ्या वर्षी पौषात मी नर्सरीवाल्याला घरी बोलावलं. तो म्हातारा, नंदुरबारकडचा, कमी बोलणारा. भिंतीला हात लावून उभा राहिला.

"इथं ऊन कधी येतं, शेठ?"

"उन्हाळ्यात. दाबून येतं."

"आंब्याला ते काय कामाचं? तो मोहोर धरतो आत्ता. आत्ता त्याला ऊन पाहिजे."

मग त्यानं अंगण पावलांनी मोजलं आणि सांगत गेला. भिंतीलगत फालसा लावा, तो थोड्या उन्हात भागवतो. नहाणीच्या पाण्यावर केळीचे दोन कंद. मधल्या जागेत कमरख, ते पाच धारांचं आंबट फळ, त्याला अर्धी सावली चालते. पश्चिमेच्या कोपऱ्यात तासभर ऊन येतं, तिथं लिंबू, पण कमी धरेल, आधीच सांगतो. डाळिंब नको. चिकू नको. आंबा तर नकोच.

मी म्हणालो, "तुझ्याकडे फालसा पडून आहे वाटतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "शेठ, तुम्ही बोलावलं म्हणून आलो. आंब्याची रोपं माझ्याकडे जास्त पडून आहेत."

बायको दारात उभी राहून हसली. मी फालसा घेतला, केळी घेतल्या, कमरखही घेतलं. सगळं लागलं. उन्हाळ्यात फालसा इतका येतो की ती वाट्या भरभरून गल्लीत वाटते. कमरख शेजारणी लोणच्याला मागून नेतात. अंगण आता कोणी पाहिलं तर छान म्हणेल. फक्त मधोमध ते झाड वांझ उभं आहे, आणि तिचं लक्ष तिथंच असतं.

नर्सरीवाला गेल्यावर तिनं मला विचारलं. आम्ही घरात अहिराणीच बोलतो. "घर घेताना मी सांगं व्हतं, हिवाळामा ऊन येस का ते इचारा. तुम्ही इचारं व्हतं ना?"

घर घेताना मी तिला "हो, विचारलं" म्हणून सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काकाला कळलं असतं की आम्हाला घर आवडलंय, आणि भाव चढला असता. तरीही त्या दिवशी मी पुन्हा म्हणालो, "इचारं व्हतं. तो खोटं बोलना."

ती वळली आणि भांडी आत घेऊन गेली.

नर्सरीवाल्यानं एक वाट सांगितली होती. याच झाडाच्या काड्या घेऊन नवं कलम बांधायचं आणि उघड्या जागी लावायचं. दोन-तीन वर्षं आम्ही मोहोराची वाट बघितली, मग या उन्हाळ्यात त्यानं ते केलं. एक लागलं. आता ते पिशवीत आमच्या दाराशी आहे आणि आमच्याकडे उघडी जागा नाही. जागा आहे काकाकडे. घर विकून तो कडोदऱ्याच्या पुढं राहायला गेला. तीन बाजूंनी मोकळं, समोर शेत.

गेल्या महिन्यात मी तिथं गेलो. भांडायलाच गेलो होतो. काका ओट्यावर बसून चवळीच्या शेंगा सोलत होते.

"आवो भाऊ, बेसो."

"बसायला नाही आलो. आखो दिवस तडको म्हणाला होतात. हिवाळ्यात माझ्या अंगणात उंदराच्या शेपटीएवढं ऊन येत नाही."

"शियाळामां?" त्यांनी शेंग खाली ठेवली. "ते तुम्ही कुठं विचारलं? तुम्ही चार वेळा आलात, चारही वेळा दुपारचे. मी म्हटलं, मराठी भाऊला घाई आहे."

"तुम्हीच दुपारी बोलावलं!"

"तुमच्या लूमला सुट्टी तेव्हा. मी कशाला बोलावू?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. शेजारची दोन माणसं बाहेर आली. काकांच्या बायकोनं पाणी आणलं, मी ते घेतलं नाही. काका शांत होते, त्याचाच राग जास्त आला. आंब्याची गोष्ट मात्र त्या भांडणातच बाहेर पडली. माहेरचा आंबा, रस्ता, काड्या, सगळं. काका ऐकत राहिले. मग समोरच्या मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले, "एमां शुं? त्यात काय? इथं लावा. आंबे झाले की भाभीचे."

मी तसाच निघून आलो.

घरी येऊन सांगितलं तर बायको एवढंच म्हणाली, "मग लावा ना तठे."

"त्याच्या दारात? ज्यानं फसवलं त्याच्या?"

"माले आंबा जगाडना शे. पाऊस सरना म्हणजे लागाव नही. तुम्ही नही गयात ते मी जासू."

ती जाईल. मला माहीत आहे. काका तिला बसवतील, पाणी देतील, आणि बोलता बोलता सांगतील की हिवाळ्याचं तर यांनी कधी विचारलंच नव्हतं. ती मान हलवेल. घरी येऊन मला काही म्हणणार नाही. त्या न म्हणण्याची मला भीती वाटते, म्हणून मी आधी हे लिहून टाकलं. मी विचारलं नव्हतं. तिच्याशी मी दोनदा खोटं बोललो. हे माझ्या तोंडून तिनं ऐकावं, काकाच्या नाही.

कलम मी स्वतः घेऊन जाईन, बायकोला बरोबर घेऊन. खड्डाही मी खणीन. पण माती लोटायच्या आधी काकानं तिच्यासमोर एका गोष्टीचं उत्तर द्यायचं. मी विचारलं नाही, कबूल. पण त्या घरात तुम्ही कितीतरी हिवाळे काढलेत, काका. पौषात स्वेटर घालून त्याच अंगणात उभे राहिला असाल. ऊन येत नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी "आखो दिवस" तुम्ही आपणहून म्हणालात, मी न विचारता. का म्हणालात? तिच्याकडे बघून सांगा.