करपण्यासाठी लावलेली ओळ

माझी मैत्रीण सुमन भात संशोधन केंद्रात तुडतुडे पाळते. रोपांचा रस शोषणारे हे किडे ती नव्या वाणांवर मुद्दाम सोडते, कोणता वाण तग धरतो ते पाहायला. प्रत्येक ट्रेमध्ये एक ओळ मात्र जुन्या, नाजूक वाणाची असते. ती करपली, तरच बाकीच्यांचं हिरवेपण खरं मानायचं.

काल मी केंद्रात गेले तेव्हा ती ओळ पिवळी पडत चालली होती, आणि सुमन झारीनं आधी तिलाच पाणी घालत होती.

"अगं, ती तर जाणारच ना?" मी म्हटलं.

"जाणारच. पण तहानेनं नको."

घरी जेवायला बसले. कितीतरी वर्षांनी ताटाबाहेर चार शितं काढून ठेवली, आणि मगच भात कालवला.