रक्त यायला हवं

दवाखान्यातल्या बाईंना लोक मागून 'खवट' म्हणत, हे बाईंना ठाऊक होतं. नवरा गेल्यावर त्याची खुर्ची त्यांनी घेतली. नवरा दातांचा डॉक्टर, त्याही दातांच्याच डॉक्टर. पण हे थोरल्या दिराला रुचलं नाही. तोही दातांचाच डॉक्टर. तेव्हापासून दोघांत अबोला. एका खोलीत दोघांच्या दोन खुर्च्या, मध्ये पडदा, निरोपांना मदतनीस.

"सांगा त्यांना, तो पंप बंद करा," बाई म्हणत.

"सांगा त्यांना, हात मोडलेत का?"

नणंदेची लेक झोपाळ्यावरून पडली आणि पुढच्या दातातला गर मेला, हिरडीला पू धरला. पोर लहान, दाताचं मूळ अर्धवट, भिंती कागदासारख्या, टोक उघडं. "उपटा," दीर पडद्याआडून म्हणाला. बाईंना ते मूळ वाढवायचं होतं. पोकळी औषधाने निर्जंतुक करायची, मग टोकापलीकडे बारीक सुई टोचून आत रक्त आणायचं. त्याची गुठळी झाली तर तिच्या आधाराने जिवंत ऊतक वाढू शकतं, मूळ जाड होऊ शकतं. नाहीतर दात आज ना उद्या मोडणार.

पोकळी साफ झाली. पुढच्या खेपेला बाईंनी सुई टोचली. कोरडं. पुन्हा टोचली. टिपूस नाही.

पडद्याआडून हसू आलं. "निघाल्यात मेलेल्याला उठवायला!"

बाईंनी इंजेक्शनची रिकामी काचेची नळी उचलून वाचली. बधिर करायचं नेहमीचंच औषध, रक्तवाहिन्या आवळून रक्त रोखणारं. दोन्ही ट्रे सकाळी दीरच लावायचा, ही जुनी वाटणी. आज साधं औषध ठेवा, असा निरोप बाईंनी धाडलाच नव्हता. पोर त्याच्याच बहिणीची, तरी त्याची मिनतवारी नको होती. नळी न वाचताच त्यांनी ती वापरली होती.

दात तात्पुरता बंद करून त्यांनी नणंदेला खरं ते सांगितलं.

"वहिनी, तुमचा अबोला माझ्या लेकीच्या तोंडात नको," ती म्हणाली.

पुढच्या खेपेच्या सकाळी बाईंनी पडदा सारला. "साधी नळी हवी. आवळणारी नको."

मदतनीस सवयीने वळली, "त्या म्हणतात—"

"बहिरा नाही मी," दीर खेकसला आणि नळी ट्रेमध्ये आपटली.

या वेळी रक्त आलं. गुठळी झाल्यावर बाईंनी वर दातांचं सिमेंट भरलं.

काही महिन्यांनी नव्या एक्स-रेत मुळाच्या भिंती जाड दिसल्या, टोक मिटत आलेलं. दिराने जुना फोटो मागवला, दोन्ही उजेडात धरले.

"फोटोचा कोन वेगळा आहे, म्हणून जाड दिसतंय," म्हणाला आणि पडदा ओढून घेतला.

बाई मदतनीसकडे वळल्या. "सांगा त्यांना, कोन तोच आहे."