बैठोमिस्त्री

परंड्याच्या वेशीबाहेर लिंबाखाली मिस्त्रीचाचांचं पत्र्याचं दुकान होतं. गाडी घेऊन आलेल्या माणसाला त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे, 'बैठो'. मग तो ट्रकचा मालक असो, साहेबाचा ड्रायव्हर असो, की विहिरीवरच्या इंजिनाची नळी काखोटीला मारून आलेला शेतकरी. 'गाडी राहू द्या, संध्याकाळी येतो' म्हणणाऱ्याचं काम ते घेतच नसत. "बीमार माणसाला दवाखान्यात टाकून कोण बाजाराला जातं का?" एवढं म्हणून ते पान्हा खाली ठेवत. माणूस बसला की पुन्हा उचलत. साऱ्या तालुक्यात त्यांना बैठोमिस्त्री म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं.

टाकीच्या कामात तर हा नियम फारच कडक. पेट्रोलची टाकी गळायला लागली की तापल्या लोखंडानं कथील वितळवून तिला डाख द्यावा लागतो. पण पेट्रोल ओतून टाकलं तरी त्याची वाफ आत राहते. त्या वाफेला तापलेलं लोखंड भिडलं तर टाकी फुटते आणि डाख देणारा माणूस जातो. म्हणून चाचा टाकी सोड्याच्या कढत पाण्यानं धूत, काठोकाठ पाणी भरून ठेवत, ओतून उन्हात वाळवत, तोंडाशी नाक नेऊन हुंगत आणि पुन्हा पाणी भरत. मालक उतावीळ झाला की ते विचारत, "झाली म्हणता धुऊन?" मालकानं हो म्हटलं की रॉकेलचा एक रिकामा डबा ते आपल्या शेजारी पालथा घालत, टाकीला गुडघा लागेल इतका जवळ. "मग बैठो हितं. लोखंड टेकवतो." त्या डब्यावर बसल्यावर बहुतेकांना वाटायचं की अजून एकदा धुतलेली बरी.

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. निजामाच्या अमदानीत ते हैदराबादेत एका मोटार कारखान्यात कामाला होते. तिथं लांब उभ्या असलेल्या साहेबानं 'हो गया, लगाओ' म्हणून हुकूम सोडला आणि चाचांच्या शेजारचा सोबती गेला. "साब दूर था," चाचा म्हणाले. "तब से, जो बोलेगा हो गया, वो मेरे बाजू में बैठेगा." 

आता माझं सांगतो. मी ईट गावच्या बाजारात गोणपाटावर मिरच्या मांडून वर आलेला माणूस. मला कुणी हात दिला नाही. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं. लष्कराच्या मोडीतून मी एक जीप उचलली तेव्हा लोक हसले, कारण तिचे पत्रे सडले होते. मी ते सगळे पत्रे काढून विकले. खाली राहिलं इंजिन, चार चाकं आणि लोखंडी सापळा. त्यावर फळ्या ठोकल्या आणि गाडी सुरू केली. लोक तिला सांगाडा म्हणू लागले. पण तिच्यातली खुबी मला कळली होती. उन्हाळ्यात सीना नदीचं पात्र कोरडं पडतं आणि वाळूत बैलगाड्या रुततात. मोटार तर उतरतच नाही. माझा सांगाडा मात्र हलका. चाकांतली थोडी हवा सोडली की वाळूच्या ढिगांवरून तो बोकडासारखा उड्या मारत जायचा. सोनारीला काळभैरवाची जत्रा भरली की नदीपलीकडचे यात्रेकरू काठावर माझीच वाट बघत बसत. माझं वर्षाचं पोट त्या जत्रेवर होतं.

भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. समोरचा कंटाळतो, चिडतो, शेवटी देऊन टाकतो. चाचांपुढं मात्र माझं काही चाललं नाही. मी बोलायला लागलो की ते शेगडी फुंकत ऐकून घेत. धंदा बसला, पेट्रोल महागलं, रस्ता खराब, सगळं ऐकत. मी दम खायला थांबलो की म्हणत, "बोल लिये, बेपारी? अब पकडो," आणि नळीचं एक टोक माझ्या हातात देत. मला ते बेपारीच म्हणत. त्यात थट्टा होती, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. राग यायचा. मी तोंडानं आग पाखडत नळी धरून बसायचो आणि चाचा बशीत अर्धा चहा ओतून माझ्याकडं सरकवायचे. पण दुसऱ्या मिस्त्रीकडं गाडी न्यावी असं मला कधी वाटलं नाही. बसून बसून माणूस बोलतो. माझ्या बायकोच्या दुखण्यापासून सख्ख्या भावाच्या भांडणापर्यंत सगळं त्या डब्यावर बसून मी बोललो होतो.

आपला मुलूख हैदराबाद राज्यातून सुटून मुंबई राज्याला जोडला गेला, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. चाचांची एकुलती मुलगी हैदराबादेत दिलेली. पूर्वी हैदराबाद म्हणजे आपल्याच राज्याची राजधानी, आता ते परक्या मुलखात गेलं. चाचा कधी कधी म्हणत, "बेटी वहीच है, सरहद सरक गयी." मी त्यांना म्हणायचो, चाचा, रेल्वे तर तीच आहे. ते हसायचे.

त्या वर्षी जत्रा तोंडावर आली आणि सांगाडा धापा टाकायला लागला. जीपची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली असते. माझी टाकी आतून गंजली होती. गंजाच्या खपल्या नळीत अडकायच्या आणि ऐन वाळूत इंजिन बंद पडायचं. मी नळीला तोंड लावून फुंकायचो, पेट्रोलची चूळ थुंकायचो आणि पुढं जायचो. एक डाख आणि थोडी धुलाई, एवढं काम धरून मी चाचांकडं गेलो. त्यांनी टाकी काढली, कानाशी धरून हलवली, आतला खुळखुळाट ऐकला आणि बाजूला ठेवली. "ही मेली. नवी करू." ते मला पटलं. पण मग ते गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, की नळ्याही सगळ्या बदलायच्या. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत.

त्या नळ्या त्यांनीच बसवलेल्या आणि चांगल्या होत्या. मी पेटलो. जत्रा उद्यावर आलेली आणि हा माणूस नको ते काम काढतोय. तासभर बोललो असेन. "बोल लिये?" ते म्हणाले. "अब पकडो."

काम मात्र त्यांनी असं केलं की तसं मी पुन्हा पाहिलं नाही. जस्ती पत्रा कापून टाकी वळवली. आत एक आडवा पत्रा घातला, म्हणजे वाळूच्या चढावर पेट्रोल एका अंगाला पळणार नाही. तांब्याची नळी वळवताना चेपते, म्हणून तिच्यात सीनेची चाळलेली वाळू गच्च ठासली, मग नळी गुडघ्यावर हळूहळू वळवली, आणि मग ती वाळू ठोकून, फुंकून, पेट्रोलनं धुऊन काढली. "एक दाणा राहिला तर नदीत उतरून ढकलशील," असं म्हणत परत फुंकली. सगळं जोडून झाल्यावर सांध्यांना चुन्याचा हात दिला आणि टाकीत रॉकेल ओतलं. सांधा पाझरला तर चुन्यावर डाग उठतो. डाग उठला नाही. मी म्हणालो, झालं, द्या गाडी. ते म्हणाले, सकाळपर्यंत राहू दे.

सकाळी जत्रेचा पहिला दिवस होता. मी म्हणालो, "चाचा, तुमच्याकडं दुसरं गिऱ्हाईक न्हाय, म्हणून माझ्यावर दिवस काढताय व्हय?"

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "जाओ. सुबू आओ." गाडी सोडून जा, असं त्यांनी मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. पण मी इतका तापलो होतो की त्याकडं लक्षही न देता तडक उठून गेलो.

सकाळी गाडी तयार होती. चुना तसाच पांढरा होता. मी भाव करायला तोंड उघडायच्या आत चाचांनी आपण होऊन भाव उतरवला, तोही चांगला उतरवला. उशीर केल्याची लाज वाटली असणार, असं मी धरलं. इतक्या वर्षांनी एकदाचा जिंकलो, या आनंदात पैसे दिले. निघताना त्यांनी टाकीवर थाप मारली. "आता बरसों कुणाला हात लावू देऊ नको."

नदीवर पोचलो तर ढोकीकडून कुणीतरी ट्रॅक्टर आणला होता. काठावरची माणसं ट्रॉलीत बसून निघून गेली होती. पहिला दिवस, म्हणजे जत्रेतली साय, माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं नेली. पुढचे दिवस सांगाडा न खोकता धावला, तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. जत्रा उठल्यावर मी काळभैरवाचा नारळ चाचांसाठी घेतला आणि भांडणही घेतलं. काय काय बोलायचं ते वाटेत नीट लावून ठेवलं.

लिंबाखाली दुकान नव्हतं. पत्रेही काढून नेलेले. फक्त तो रॉकेलचा डबा पालथा पडला होता. समोर चहाची टपरी होती, नामाची. त्यानं मला बसायला सांगितलं. चाचांचा जावई वारला होता. मुलगी आणि लहान पोरं एकटी पडली होती. चाचांचं हैदराबादेला जायचं केव्हाच ठरलं होतं. "तुमच्या गाडीपायी थांबले होते," नामा म्हणाला. "म्हणायचे, असं काम करून देतो की त्याला परत मिस्त्री लागू नये."

मी विचारलं, माझ्यासाठी काही सांगून गेले का. नामानं हातातला कप पुसून खाली ठेवला.

"म्या म्हणलं त्यास्नी, त्या बेपाऱ्याला तरी सांगून जावा. तर म्हणले, 'उसकू नक्को बोलो. भाव करने बैठेगा, और इस बार मैं मान जाऊंगा.'"

सांगाड्याची टाकी पुढं कधी गळली नाही. एखादा थेंब जरी पाझरला असता तरी त्या निमित्तानं मी हैदराबाद गाठलं असतं. बिनकामाचा जायला मला तोंड नव्हतं. जायचं जायचं म्हणत वर्षं गेली. नदीवर पूल झाला आणि सांगाडा मोडीत गेला. तेव्हाही घेणाऱ्यानं टाकी आणि नळ्या वेगळ्या काढून ठेवल्या, त्या दुसऱ्या गाडीला चालतील म्हणून. चाचा गेल्याचं मला कुणाकडून तरी कळलं, तेही फार उशिरा.

माझी तक्रार आजही तीच आहे आणि ती मी सोडणार नाही. ज्यानं साऱ्या तालुक्याला शेजारी बसवलं, त्यानं स्वतःच्या जाण्याच्या वेळी मला बसू दिलं नाही. तो डबा मी त्या दिवशी उचलून आणला. आता गंजलाय, पण अंगणात आहे. कधी त्यावर बसलो की राहिलेला सौदा मनात सुरू होतो. पोरीला आणि नातवंडांना इकडंच आणा, चाचा. घर मी बघतो. पोरांची शाळा वेशीच्या आतच आहे. दुकानाला पक्की भिंत घालून देतो. दर वेळी आणखी एखादी गोष्ट सुचते आणि मी ती वर घालतो. समोरून 'बोल लिये?' असं कुणी विचारत नाही, म्हणून बोलणंही संपत नाही.