रविवारचे चार अंश

आमच्या दवाखान्यात सगळ्यांत मोठा मान फ्रिजचा. त्याखालोखाल सिस्टरांचा, आणि उरलासुरला माझा. दारावरच्या पाटीवर डॉक्टर म्हणून नाव माझं होतं, पण लोक घरातून निघताना "सिस्टरांकडे जाऊन येतो" म्हणत, ही बातमी मला माझ्याच बायकोने आणून दिली.

सिस्टर सव्वीस वर्षं माझ्याकडे होत्या. बुटक्या, चालायला वेगवान, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हात इतका हलका की मुलं सुई टोचताना रडत नसत, नंतर चिकटपट्टी लावताना रडत. माझा हात जड आहे. सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात तसं मला स्पष्ट सांगितलं आणि त्यानंतर लहान मुलांच्या सुया माझ्याकडे कधी आल्या नाहीत.

आजार झाल्यावर माणूस आपल्या पायांनी येतो, त्याच्या आधी त्याला आणायचा तर मागे लागावं लागतं, असं त्यांचं मत होतं. कोपऱ्यावरचा सुतार पन्नाशीचा झाला तेव्हा त्यांनी त्याला आतड्याच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना आणायची डबी दिली. त्याने चार महिने टाळाटाळ केली, मग दवाखान्यावरून जायचंच सोडलं. सिस्टर त्याच्या दुकानात गेल्या, दोन गिऱ्हाइकांसमोर त्याच्या टेबलावर नवी डबी ठेवली आणि म्हणाल्या, "एक फळी करून हवीय. माप लिहून घ्या, आणि हे भरून द्या." तपासणीत काही निघालं नाही. सुतार अजून म्हणतो की बाईंनी उगाच छळलं. सिस्टर म्हणत, "उगाचच ठरावं म्हणून तर छळलं."

उलटंही होतं. ब्याऐंशी वर्षांच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दर तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्यांची यादी घेऊन येत. सिस्टर यादी घडी करून त्यांच्याच पर्समध्ये ठेवत. "तुम्हाला आता तपासण्या नकोत, गप्पा हव्यात. बसा." या दोन्ही गोष्टी मला पुस्तकांत वाचून आल्या. त्यांना कुठून आल्या ठाऊक नाही.

आता फ्रिजकडे येतो. लसींचा फ्रिज दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवावा लागतो, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आतला थर्मामीटर पाहून आकडा तक्त्यात लिहावा लागतो. आठवड्याचे चौदा चौकोन. दवाखाना रविवारी बंद. सुरुवातीचे दोन महिने सिस्टरांनी रविवारचे चौकोन रिकामे सोडले, आणि आरोग्य कार्यालयाने दोन्ही वेळा तक्ता "अपूर्ण" असा शेरा मारून परत पाठवला. त्यांनी फोन केला. तिकडचा कारकून वैतागून म्हणाला, "अहो बाई, शनिवारी चार, सोमवारी चार, मग रविवारी काय चाळीस असेल? चार लिहा." त्या दिवसापासून सोमवारी सकाळी पर्स ठेवायच्या आधी सिस्टर रविवारच्या दोन्ही चौकोनांत चार लिहून टाकत. महिनाअखेरीस मी तक्त्याखाली सही करत असे. सही करताना मी तक्ता पाहिला असेल, तर मला आठवत नाही. कमाल तापमान आपोआप नोंदून ठेवणारा थर्मामीटर घ्या, असं पत्रही कार्यालयाकडून आलं होतं. ते माझ्या खणात होतं.

सिस्टरांना एक मुलगा. तो, सून आणि नातू दोन थांबे पलीकडे राहत. सून इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करत होती. दोर, ब्रेक, दरवाजे तपासायचे आणि तक्त्यावर सही करायची. तिच्या सहीवर माणसं नवव्या मजल्यावर जात. नातवाला सगळे ढब्बू म्हणत, आणि ते नाव त्याला शोभत होतं.

सुनेने ढब्बूची गोवराची लस थांबवून ठेवली होती. तिच्या मावसबहिणीच्या मुलाला कुठल्याशा लसीनंतर ताप चढून झटका आला होता. मूल आता ठणठणीत होतं, पण तो झटका तिने डोळ्यांनी पाहिला होता. ती आरडाओरडा करणारी नव्हती. ती प्रश्न विचारत होती, आणि तेच सिस्टरांना जड जात होतं. गावभर लोकांना पटवणाऱ्या बाईचा स्वतःचा नातू सव्वा वर्षाचा होऊन लसीविना होता. तेव्हा शहरात गोवराचे रुग्ण निघत होते. सिस्टर माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "लोकांच्या दारात जाऊन बसते मी. सुनेच्या दारात बसले तर सासूपणा होतो."

शेवटी सून एकदा दवाखान्यात आली आणि तिने मुद्द्याचं विचारलं. "आई, लस चांगली असेल हो. पण ती तुमच्यापर्यंत नीट आली, नीट राहिली, हे कशावरून?" सिस्टरांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांच्या अंगणातला होता. त्यांनी तक्त्यांची फाइल काढून तिच्या पुढ्यात ठेवली. सुनेने पंधरा मिनिटं पानं उलटली. चार, चार, पाच, चार, तीन, चार. एकही चौकोन रिकामा नाही. कागदांवरच पोट भरणाऱ्या बाईला कागद पटले. "मग बुधवारी आणते त्याला," ती म्हणाली. बुधवारी सिस्टरांनी ढब्बूला लस दिली, आणि मला त्यांच्या डब्यातला खाऊ मिळाला, जे एरवी होत नसे.

तीन आठवड्यांनी शेजारचा केकवाला रक्तदाब मोजायला आला. सिस्टर त्याच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरत होत्या आणि तो आपलं रडगाणं गात होता. मागे एका रविवारी वाढदिवसाचा तीन मजली केक तयार ठेवला होता, गल्लीची वीज सकाळी दहाला गेली ती संध्याकाळी सातला आली, सगळं क्रीम ओघळून ट्रेमध्ये. सिस्टरांनी विचारलं, "कुठला रविवार?" त्याने तारीख सांगितली. सिस्टरांचा हात फुग्यावर तसाच राहिला.

"अहो बाई, हवा सोडा, हात काळा पडला माझा," केकवाला ओरडला.

त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. रविवारी नऊ तास फ्रिज बंद होता. सोमवारी सकाळी काटा चारवर होता. त्यांनी रविवारचे दोन चार नेहमीसारखे लिहिले होते. त्या साठ्यातून एकतीस मुलांना लस दिली गेली होती. लस बिघडली असेल किंवा नसेल. त्या मुलांना अपाय काही नव्हता, पण गोवरापासून बचाव होईलच असं सांगता येत नव्हतं. ढब्बूची लस त्यातलीच होती.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय गेलं ते लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, "कुणाला कळणार आहे?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सुताराकडे बघायच्या तसं. "गोवराला कळेल," त्या म्हणाल्या.

मी कार्यालयाला फोन केला. उरलेला साठा टाकून द्या, मुलांना पुन्हा लस द्या, असं उत्तर आलं. मुलांना बोलवायचं काम मी स्वागताच्या टेबलावरच्या मुलीला सांगणार होतो. सिस्टरांनी यादी तिच्या हातून काढून घेतली. दोन दिवस त्या फोनवर होत्या, आणि वाक्य तेच. "बाळाला दिलेली लस कदाचित निकामी होती. फ्रिज बंद पडला होता आणि मी तो पाहिला नव्हता. पुन्हा टोचावं लागेल." मी एकदा सुचवलं की नुसतं 'तांत्रिक अडचण' म्हणा. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. एका बापाने त्यांना फोनवर वाटेल ते बोलून घेतलं. एका आजीने विचारलं की मग आधीच्या टोचण्याचं रडणं फुकट गेलं का. बहुतेकांनी "बरं" म्हटलं आणि येतो म्हणाले. इतक्या लोकांनी इतक्या सहज बरं म्हणावं, याचंच सिस्टरांना जास्त लागलं.

तीस फोन झाले. एकतिसाव्यासाठी त्या दोन थांबे चालत गेल्या. काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. सून ढब्बूला भरवत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मुलगा मध्ये पडला नाही, तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला. सून शेवटी म्हणाली, "मी विचार करते." बस, एवढंच. दर रविवारी ढब्बू आजीकडे येत असे, तो दोन रविवार आला नाही.

त्या दोन आठवड्यांत सिस्टर काम करत होत्या, पण कुणाच्या मागे लागत नव्हत्या. मुख्याध्यापिका यादी घेऊन आल्या तर त्यांनी यादी ठेवून घेतली. सुनेने लस नाकारली तर या बाई पुन्हा कुणाला दंड पुढे करा म्हणणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि ढब्बू गोवरापुढे उघडा राहिला असता ते वेगळंच.

पुन्हा लस देण्यासाठी आम्ही दोन शनिवार ठेवले होते. दुसऱ्या शनिवारी दुपारपर्यंत अठ्ठावीस मुलं होऊन गेली. बाहेरच्या खोलीत दोन कुटुंबं बसली होती. सून ढब्बूला काखेत घेऊन आली, रांगेचा नंबर घेतला आणि त्यांच्या शेजारी बसली. सासूचा दवाखाना म्हणून ती आत घुसली नाही. सिस्टर पुढचं नाव पुकारायला दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"आई, एक विचारायचंय," सून बसल्या जागेवरून म्हणाली. "तो एकच रविवार न बघता लिहिला होता का?"

हो म्हणायला काही हरकत नव्हती. खोटं पकडायला कुणी येणार नव्हतं, आणि समोर दोन कुटुंबं ऐकत होती.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "सगळेच."

"किती वर्षं?"

"सव्वीस. पहिले दोन महिने सोडून."

मग एक जोडपं उठलं, पिशवी उचलली आणि मुलाला घेऊन निघून गेलं. त्यांना नंतर दुसऱ्या दवाखान्यातून लस मिळाली, पण माझ्याकडे ते परत आले नाहीत. मी माझ्या दारातून पुढे झालो आणि म्हणालो, "खाली सही माझी आहे." आता म्हणून काय उपयोग होता, पण म्हणालो.

"तुमची सही बघितली होती मी," सून म्हणाली. "न वाचता केलेली सही मला ओळखू येते. आमच्याकडे पण असतात तसे लोक. रविवारी लिफ्ट न उघडता सगळं ठीक लिहिणारे. मला त्या दिवशीच कळायला हवं होतं." मग ती सासूकडे वळली. "पण मला ते कागद हवेच होते, आई. म्हणून नाही दिसलं."

दुसऱ्या कुटुंबाचं झाल्यावर तिचा नंबर आला. ती आत आली, ढब्बूची बाही वर केली आणि म्हणाली, "लस डॉक्टर देतील."

सिस्टरांनी हातातला ट्रे माझ्यासमोर ठेवला. मी सव्वीस वर्षांत लहान मुलाला सुई टोचली नव्हती. सिस्टरांनी बाटलीवरची तारीख मला वाचून दाखवली, थर्मामीटरचा आकडा दाखवला, आणि त्या दाराकडे निघाल्या.

"तुम्ही कुठे निघालात?" सून म्हणाली. "धरा त्याला. माझ्याकडे वळवळतो तो."

सिस्टर खुर्चीत बसल्या. ढब्बू आजीच्या मांडीवर ऐसपैस बसला आणि चष्म्याची दोरी ओढू लागला. मी सुई टोचली. माझ्या हाताची कीर्ती खोटी नव्हती. त्याने असा भोंगा पसरला की स्वागताच्या टेबलावरची मुलगी आत डोकावली. टोचलं मी, पण त्याने रागाने पाहिलं आजीकडे, आणि मग तिच्याच खांद्यात तोंड खुपसलं.

"कापूस नीट दाबा," सून मला म्हणाली. मी दाबला.

सिस्टर रडत होत्या. दोन्ही हातांनी नातवाला धरलं होतं, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते. सुनेने रुमाल काढला, आधी मुलाचं नाक पुसलं, मग रुमाल उलटा करून सासूचे डोळे पुसले. पुढची लस कुणी द्यायची, यावर दोघी काही बोलल्या नाहीत.