सदतीस गळत्या

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. आधी सासूबाईंना धरून मोरीपर्यंत न्यायचं, मग चहा, मग डबा. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीतून चार वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या.

"अगं, खाली रस्ता आहे ना अजून? की नेला कोणी?"

"आहे, आई. खड्ड्यांसकट आहे."

गल्लीत तळमजल्याची एक खोली रिकामी होती. भाडं मात्र तिच्या हेल्परच्या पगारात बसणारं नव्हतं.

साडेसहाला ती कारखान्यात हजर. तिथे लाकडी दरवाजे बनत, आणि बहुतेक काम हवेवर चाले. खिळे ठोकायच्या बंदुका, चौकटी दाबून धरणारे शिकंजे, रंगाचे फवारे, सगळ्यांना हवा पुरवायचा एकच कंप्रेसर. त्याची खोली तिच्याकडे, म्हणून सगळे तिला हवाकाकू म्हणत. ऑपरेटर सोडून गेल्याला तीन वर्षं झाली होती. काम ऑपरेटरचं, पगार हेल्परचा.

आल्या आल्या टाकीच्या तळाचा कॉक उघडून साचलेलं पाणी काढायचं. काचेतून तेल बघायचं. पट्टा बोटाने दाबून त्याचा ताण बघायचा. फिल्टर साफ करायचा. मगच स्विच. हा क्रम तिने अंगात ताप असतानाही मोडला नाही.

त्या वर्षी अकरा वाजले की हवा कमी पडू लागली. खिळे अर्धेच आत जायचे. फोरमन यायचा, दाब वाढवायचा, निघून जायचा.

"भोकाच्या बादलीत जोरात पाणी सोडलं म्हणून ती भरते का हो?" तिने एकदा विचारलं.

"काकू, तुम्ही तेल बघा."

मालकांनी सेल्समन बोलावला. त्याने दुप्पट मोठं यंत्र सुचवलं. "बटण दाबलं की झालं, साहेब. माणूस लागतच नाही."

न लागणारा तो माणूस, म्हणजे ती, तेलाचा डबा घेऊन दारातच उभी होती.

"साहेब, हवा कमी नाही. सांडतेय," ती म्हणाली.

"हे जाणकार आहेत, काकू," मालक म्हणाले.

"जाणकारांनी कारखाना फिरून बघितला?"

सेल्समनने ऑफिस बघितलं होतं आणि चहा घेतला होता.

मालक हसले. "सुट्टीच्या दिवशी दाखवा. नाही जमलं तर मोठं यंत्र येईल आणि तुम्ही पॅकिंगमध्ये."

"आणि जमलं तर ऑपरेटरचा पगार."

मालकांनी मान डोलावली. तिने शेजारी उभ्या फोरमनकडे बघितलं. साक्षीदार असलेला बरा.

सुट्टीला कारखाना चिडीचूप होता. तिने कंप्रेसर चालू केला. टाकी भरली, यंत्र थांबलं. हवा वापरायला कोणी नव्हतं, म्हणजे ते थांबूनच राहायला हवं होतं. चार मिनिटांत ते धडधडत सुरू झालं. दोन मिनिटं चाललं, थांबलं. चार मिनिटांनी पुन्हा. तिने मालकांना पाच वेळा घड्याळ बघायला लावलं.

"सहातली दोन मिनिटं, साहेब. रिकाम्या कारखान्यात एक तृतीयांश यंत्र कोण खातंय?"

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन ती पाइपाच्या टोकापासून टोकापर्यंत गेली. बुडबुडा आला की तिथे लाल चिंधी. संध्याकाळपर्यंत सदतीस चिंध्या झाल्या. पुढच्या दोन सुट्ट्या तिने शिडीवर काढल्या. चिरलेले रबरी होस कापले, जोड बदलले, क्लिपा आवळल्या. हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हा दुसऱ्या हाताने पाना धरला. आता एकदा भरलेली टाकी अर्धा तास गप्प बसू लागली.

आणि सोमवारी अकराला हवा पुन्हा कमी पडली.

"काकू, हवा गेली की हो तुमची!" फोरमन सगळ्यांदेखत ओरडला.

ती पाइपाचा माग काढत निघाली. रंगखात्यात, रॅकच्या मागे, पाच होस वर बांधलेले होते. पाचांच्या खाली पाच गडी, सदरे उघडे, फुसफुसणारी हवा छातीवर घेत. पत्र्यावर ऊन चढायची वेळ तीच. सुट्टीला ते कॉक बंद असत, म्हणून तिला सापडले नव्हते.

"उकडतं हो, काकू. भाजून निघतो इथे."

तिने त्यांचे घामाने निथळणारे चेहरे बघितले. "दाबाची हवा आहे ही. कातडीतून आत शिरली तर डॉक्टरच्याही हाती काही राहणार नाही. सोडा आधी."

ती थेट मालकांकडे गेली. नावं सांगितली नाहीत. "रंगखात्यात चार पंखे लावा. आत्ता तिथे कंप्रेसरचा वारा घेतायत. त्याहून महाग वारा जगात नसेल."

पंखे लागले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. दाबाचा काटा जागचा हलला नाही. फोरमन दोनदा येऊन बघून गेला आणि तिसऱ्यांदा तिच्यासाठी चहा घेऊन आला.

जुनं यंत्र थकलं होतं, हे तीही मानायची. नवं घ्यायची वेळ आली तेव्हा मालकांनी तिला समोर खुर्ची दिली. यंत्र किती हॉर्सपॉवरचं हे तिने विचारलंच नाही. मिनिटाला हवा किती देतं? फिल्टर गावात मिळतो का? बिघडलं तर मेकॅनिक किती तासांत येतो? दुप्पट नको, जुन्याएवढंच द्या. गर्दीच्या वेळेसाठी सोबत एक जादा टाकी द्या. भुसा उडतो तिथून हवा ओढायची नाही, सावलीतल्या भिंतीकडून ओढायची. आणि चारी बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा. सेल्समन लिहून घेत होता. मध्येच तो तिला मॅडम म्हणाला, तेव्हा बाहेर कोणीतरी शिट्टी मारली.

ऑपरेटरचा पहिला पगार झाला त्याच दिवशी तिने तळमजल्याच्या खोलीचं भाडं भरून चावी घेतली. आठवड्याभरात सासूबाई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून कडाकडा भांडत होत्या.